कडेचे आकडे

मागच्या महिन्यात भाची आली होती. जाता जाता दारातच थांबून तिनं विचारलं, "मावशी, हार्ड डिस्कवाल्यांपैकी कुणाचे शेअर घेऊ, सीगेट की वेस्टर्न डिजिटल? एकच नाव सांग. दोन्ही चांगल्या, अभ्यास कर, असलं काही नको." तिच्या हातात फोन होता आणि अंगठा पडद्यावर टेकायच्या बेतात. मी चष्मा पुसत होते. तो पुन्हा डोळ्यांवर चढवायच्या आत मी एक नाव सांगून मोकळी झाले. ती "डन" म्हणाली, अंगठा टेकला, दार लागलं. कोणतं नाव सांगितलं ते इथं लिहीत नाही. त्याला महत्त्व नाही, आणि मला रुखरुख लागून राहिली ती त्या नावाची नव्हेच. रुखरुख होती ती वेगाची. आयुष्याची तीस वर्षं मी डेटा साठवणाऱ्या यंत्रांच्या संगतीत काढली. त्यातली निम्मी या यंत्रांच्या कंपन्यांबद्दल कुणा ना कुणाशी वाद घालण्यात गेली. एवढं सगळं गाठीशी असलेल्या बाईनं उत्तर द्यायला निदान एक श्वास तरी घ्यायला हवा होता.

त्या रात्री झोप लागेना. अंधारात एक आवाज आठवत राहिला. आधी खाली, मग हळूहळू चढत जाणारी शीळ, आणि ती टिपेला पोचली की बारीकसा 'टक्'.

तो आवाज सायक्वेस्ट नावाच्या कंपनीच्या ड्राइव्हचा. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी अमेरिकेत, छपाईपूर्व काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले होते. जाहिरात संस्था, मासिकं, वेष्टनांची रचना करणारे लोक त्यांच्या फाइली आमच्याकडे पाठवत आणि आम्ही त्यांच्या छपाईसाठीच्या फिल्म काढून द्यायचो. फाइली यायच्या त्या सायक्वेस्टच्या कार्ट्रिजवर. ४४ मेगाबाइटचं, ८८ मेगाबाइटचं, पुढे २०० चं. सव्वापाच इंची, पारदर्शक प्लास्टिकच्या चौकोनी डब्यातली तपकिरी चकती. डबा हलवला की चकती आत खुळखुळायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे फुटलंय. ते तसंच असतं, हे समजावून सांगणारे भाऊ. भाऊ म्हणजे आमच्या विभागातले सगळ्यांत ज्येष्ठ. त्या कंपनीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून मी पहिल्या आठवड्यापासून त्यांना भाऊ म्हणू लागले आणि तेही मला 'अगं' करू लागले. कार्ट्रिजला हात लावण्याआधी ते हात धुऊन कोरडे करायचे. खाचेत सरकवून खटका दाबायचे आणि मान किंचित कलती करून ऐकायचे. शीळ चढायची, टक् व्हायचं, हिरवा दिवा लागायचा. मग ते म्हणायचे, "चला, बोलायला लागलं." एखाद्या दिवशी शीळ नेहमीपेक्षा अर्धा सूर खाली असली तर ते लगेच ओळखायचे आणि त्या कार्ट्रिजची आधी नक्कल करून ठेवायचे. आवाजावरून यंत्राची तब्येत ओळखणारी माणसं आता राहिली नाहीत. यंत्रांनाच आवाज राहिला नाही.

भाऊंकडे सायक्वेस्टचे शेअर होते. किती ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण बरेच असावेत. त्यांचं म्हणणं साधं होतं: रोज सकाळी खोका भरून कार्ट्रिज आपल्या दारात येतात, मग ही कंपनी कशी बुडेल? जो माल स्वतःच्या हातानं हाताळतो त्यातच पैसे घालावेत, हा त्यांचा नेम. मला तो तेव्हा पटायचा. आजही अर्धा पटतो.

मग झिप आली. आयोमेगा कंपनीची गडद निळी, हाताच्या पंज्यावर मावणारी पेटी. १०० मेगाबाइटची डिस्क, साध्या फ्लॉपीहून थोडी जाड, खिशात बसणारी. फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट मावायचे, त्यामुळे १०० हा आकडाच त्या वेळी गुंगी आणणारा होता. ड्राइव्ह दोनशे डॉलरच्या आसपास, डिस्क वीसच्या आसपास. सायक्वेस्टनं १९९५ मध्ये उत्तर दिलं ते ईझेड १३५ नं. नावातच आकडा होता: १०० च्या जागी १३५ मेगाबाइट. शिवाय झिपमधली चकती फ्लॉपीसारखी लवचीक, तर ईझेडमधली हार्ड डिस्कसारखी कडक, म्हणून वेगही जास्त. कागदावर भाऊंची बाजू भक्कम होती. मी आयोमेगाच्या बाजूला गेले ती कागद बघून नव्हे. आमच्या ऑफिसात हिशेब बघणारी बाई, जिला कार्ट्रिज म्हणजे काय हे सांगून सांगून आम्ही थकलो होतो, ती एका सोमवारी पर्समधून झिप डिस्क काढून म्हणाली, "माझ्या मुलाचा गृहपाठ आहे, जरा छापून देशील?" त्या दुपारी मी आयुष्यातला पहिला शेअर घेतला.

पुढची तीन वर्षं आमचा वाद चालला. तो भांडणाचा वाद नव्हता; मी तर सकाळी त्याचीच वाट बघत ऑफिसला जायचे. भाऊंनी एक वही केली होती. लांबट, रेघांची, निळ्या पुठ्ठ्याची. पान उघडलं की मधे उभी रेघ, डावीकडे सायक्वेस्ट, उजवीकडे आयोमेगा. मी काही मुद्दा काढला की ते तो इमानानं उजवीकडे लिहीत, आणि मग स्वतःचा डावीकडे. उजवीकडे: ड्राइव्ह स्वस्तात विकायचा आणि कमाई डिस्कवर करायची. डावीकडे: आम्हीही तेच करतो, आणि आमची चकती चांगली. (ते 'आम्ही' म्हणायचे.) उजवीकडे: संगणक बनवणारे आता झिप ड्राइव्ह आतच बसवून देतायत. डावीकडे: छापखान्याचं जग आमच्याकडे. उजवीकडे: भाऊ, छापखान्याचं जग केवढं आणि घरांचं जग केवढं! डावीकडे बराच वेळ काही नाही. त्या काळात आयोमेगाचं वेड असं होतं की युटा राज्यातल्या रॉय गावी तिच्या कारखान्याबाहेर सुट्टीच्या दिवशी किती गाड्या उभ्या आहेत हे मोजून येणारे गुंतवणूकदार होते. गाड्या जास्त म्हणजे पाळ्या जास्त, म्हणजे मागणी जास्त. मी हे उत्साहानं भाऊंना सांगितलं. त्यांनी ते उजव्या रकान्यात लिहिलं आणि म्हणाले, "गाड्या मोजता येतात, म्हणून लोक गाड्या मोजतात."

१९९६ च्या मे महिन्यात आयोमेगाचा भाव शिखरावर पोचला. ज्या कंपनीचं नाव दोन वर्षांपूर्वी कुणाला धड उच्चारता येत नव्हतं तिची बाजारातली किंमत अब्जांत गेली होती. त्याच वर्षी सायक्वेस्ट तोट्यात रुतत चालली होती. मी हवेत होते. त्या दिवसांत मी भाऊंशी ज्या सुरात बोलायचे तो सूर आठवला की अजून अंग आकसतं.

आणि या सगळ्या काळात आमच्या खोलीच्या कोपऱ्यात, फिल्मच्या डब्यांशेजारी, एक सीडी लिहिण्याचं यंत्र होतं. कंपनीनं कुठल्याशा मोठ्या गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर घेतलेलं. त्याला आम्ही दोघंही मोजत नव्हतो. एक सीडी लिहायला तास जायचा, आणि मधे कुणी त्याच संगणकावर दुसरं काही उघडलं तर लिखाण तुटून सीडी वाया. वाया गेलेल्या सीडींच्या आम्ही चकत्या टांगल्या होत्या, खिडकीतून ऊन आलं की भिंतीवर रंग नाचायचे. एकदा लिहिलं की पुसता येत नाही, मग तिला साठवण कसं म्हणायचं? निदान या एका मुद्द्यावर माझं आणि भाऊंचं एकमत होतं.

नोव्हेंबर १९९८ मध्ये सायक्वेस्टनं काम थांबवलं आणि दिवाळखोरीचा अर्ज केला. बातमी सकाळी कळली. भाऊ नेहमीच्या वेळी आले, हात धुतले, खोक्यातलं पहिलं कार्ट्रिज काढलं. मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "भाऊ, सांगत होते ना मी." मी असं का म्हणाले याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं आहे. मला त्यांना दुखवायचं नव्हतं. तीन वर्षं चाललेल्या खेळाचा शेवटचा पत्ता टाकावा, तसं ते तोंडून गेलं. पण समोरचा माणूस खेळत नव्हता. त्याच्या निवृत्तीचे पैसे त्यात होते, हे मला खूप नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं. भाऊ म्हणाले, "हो, सांगत होतीस." खटका दाबला. शीळ चढली. कंपनी बंद झाली तरी कार्ट्रिज येतच राहिले, पुढची दोन वर्षं तरी. मेलेल्या कंपनीच्या डब्यांतून जिवंत लोकांची कामं रोज सकाळी येत होती आणि भाऊ ती त्याच निगुतीनं उतरवून घेत होते.

माझं 'सांगत होते ना' किती पोकळ होतं तेही लिहिलं पाहिजे. मी माझे आयोमेगाचे बहुतेक शेअर आधीच विकले होते, आणि ते मला काही उमजलं म्हणून नव्हे. घर घ्यायचं होतं, पैसे लागत होते, म्हणून. शिखर ओलांडून भाव बराच खाली आला होता तरी माझी खरेदी फार आधीची, त्यामुळे फायदा राहिला. घराची गरज आणखी दोन वर्षांनी निघाली असती तर हा लेख दुसऱ्या कुणी लिहिला असता. १९९८ मध्येच झिप ड्राइव्हच्या 'क्लिक ऑफ डेथ'वरून आयोमेगावर सामूहिक दावा दाखल झाला. ड्राइव्हमधलं वाचणारं डोकं बिघडलं की यंत्र ते मागे घेऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, त्याचा तो टक्-टक्-टक्. बिघडलेल्या ड्राइव्हनं डिस्कची कड खराब केली तर ती डिस्क दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हचंही डोकं बिघडवू शकायची, म्हणून लोक धास्तावले होते. भाऊंना त्या वेळी मला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. आवाज ऐकून तब्येत ओळखणारा माणूस तो. त्यांनी एकदाही विषय काढला नाही.

झिपला सायक्वेस्टनं हरवलं नाही. कोपऱ्यातल्या यंत्रानं हरवलं. कोरी सीडी वर्षागणिक स्वस्त होत गेली, इतकी की पुसता येत नाही हा दोष राहिलाच नाही. फेकून नवी घ्यायची. २००० साली किल्लीच्या जुडग्यात मावणारे, चकतीऐवजी चिपवर साठवणारे ८ मेगाबाइटचे फ्लॅश ड्राइव्ह आले, आणि काही वर्षांत सीडीचीही तीच गत झाली. आयोमेगा २००८ मध्ये मोठ्या साठवण यंत्रणा बनवणाऱ्या ईएमसी कंपनीनं २१ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ असं आपण म्हणतो. पण इथं मी अडखळते. तिसऱ्याचा लाभ नेमका कुणाला झाला? सीडी जिंकली, मान्य. पण सीडी जिंकली ती स्वस्त झाली म्हणून, आणि स्वस्त झाली म्हणूनच ती बनवणाऱ्यांच्या हातात फारसं काही उरलं नाही. म्हणजे १९९६ साली मी कोपऱ्याकडे मान वळवून बघितलं असतं, सगळं भविष्य अचूक ओळखलं असतं, तरी घ्यायचं काय? हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. यंत्र ओळखणं वेगळं आणि शेअर ओळखणं वेगळं, एवढंच त्यातून कळलं, आणि तेही वेळेवर आठवत नाही.

भाऊ निवृत्त होऊन गेले. मी छपाईतून बाहेर पडून मोठ्या साठवण यंत्रणा सांभाळायच्या कामात शिरले. ईएमसीची कपाटाएवढी यंत्रं, नेटॲपची यंत्रं, थंडगार खोल्या, पायाखाली जाळीच्या फरशा आणि चोवीस तास एकसुरी घोंगावणारी हवा. वाद तिथंही होतेच. नव्वदीच्या दशकात ईएमसीच्या शेअरनं लोकांना कोट्यधीश केलं होतं. सप्टेंबर २००० मध्ये शंभर डॉलरला भिडलेला तो भाव दोन वर्षांनी चार डॉलरच्याही खाली होता. यंत्रं तीच, घोंगावणं तेच. त्या खोलीत उभं राहिलं की भाव पडल्याचा काही मागमूस लागायचा नाही.

या धंद्यातले वाद इतके कडवे का होतात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक कारण मला असं वाटतं की ही सगळी एकाच घरातली माणसं. ॲलन शुगार्ट आणि फिनिस कॉनर यांनी १९७९ मध्ये मिळून सीगेट उभी केली. त्या सुरुवातीच्या मंडळींतच सय्यद इफ्तिकार होते, ज्यांनी १९८२ मध्ये सायक्वेस्ट काढली. तिचं नावही त्यांच्याच नावावरून: 'साय'चा शोध. कॉनर बाहेर पडले, स्वतःची कंपनी काढली, ती तुफान वाढली आणि १९९६ मध्ये सीगेटमध्येच विलीन झाली. दोन वर्षांनी खुद्द शुगार्टना सीगेटच्या संचालकांनी घालवलं. क्वांटमचा डिस्कचा धंदा मॅक्सटरनं घेतला, मॅक्सटर सीगेटनं घेतली. आयबीएमचा हिताचीनं घेतला, हिताचीचा वेस्टर्न डिजिटलनं. हार्ड डिस्क ज्यांनी १९५६ मध्ये जन्माला घातली त्या आयबीएमची लेक अशी दोन घरं बदलून तिसऱ्या घरी नांदते आहे. आता जगात हार्ड डिस्क करणाऱ्या तीनच कंपन्या उरल्या: सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा. गुंतवणूकदार मात्र असे बोलतात की जणू एकीकडे देव आणि दुसरीकडे दानव.

२००९ सालची एक गोष्ट मी नव्या मुलांना हटकून सांगायचे. डेटा डोमेन नावाची, एकाच माहितीच्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या नकला गाळून जागा वाचवणारी कंपनी होती. नेटॲपनं ती दीड अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. ईएमसीनं मधे उडी घेऊन १.८ अब्ज म्हटलं. नेटॲप १.९ वर गेली, ईएमसी २.१ वर. नेटॲपनं हात आखडता घेतला, आणि करार मोडल्याबद्दल ५ कोटी ७० लाख डॉलर पदरात पाडून घरी गेली. पुढच्याच वर्षी डेल आणि एचपी थ्रीपार या साठवण यंत्रांच्या कंपनीवरून अशाच भिडल्या. दहा डॉलरच्या आतबाहेर असलेला शेअर, पहिली बोली १८ ची, तीन आठवड्यांच्या आत ३३ वर गेली. एचपी 'जिंकली', डेलला ७ कोटी २० लाख मिळाले. त्या आठवड्यांत आमच्या ऑफिसात रोज जयपराजयाच्या गप्पा चालायच्या. मला हरणाऱ्याचा शहाणपणा आवडायचा. चढत्या बोलीच्या मधेच थांबणं किती अवघड असतं हे मला भाऊंच्या वहीनं शिकवलं होतं; डावा रकाना रिकामा राहू लागल्यावरही ते शेअर धरून होते.

२०११ चा पूर मात्र मला अजून नीट बोलता येत नाही. थायलंडमध्ये महिनोन्महिने पाणी चढत गेलं, आठशेहून अधिक माणसं गेली. जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा वाटा तिथं तयार व्हायचा. वेस्टर्न डिजिटलच्या कारखान्यांत पाणी शिरलं. सीगेटचे कारखाने कोरडे राहिले, पण सुटे भाग पुरवणारे बुडाले होते. डिस्कचे भाव बघता बघता चढले. माझ्याकडे तेव्हा या कंपन्यांपैकी एकीचे थोडे शेअर होते. मी रात्री बसून नकाशा उघडला आणि कुणाचा कारखाना नदीपासून किती लांब, कुणाची जमीन किती उंच, हे शोधत होते. बराच वेळ गेल्यावर एका छायाचित्रावर थांबले. गढूळ पाण्यात कारखान्याचं छप्पर, आणि एका होडीत दोन-तीन माणसं, मांडीवर पिशव्या. मी त्या छायाचित्रात पाण्याची उंची मोजत होते. माणसं मला दिसलीच नव्हती. गाड्या मोजता येतात म्हणून लोक गाड्या मोजतात. त्या दिवशी नकाशा बंद केला. शेअर मात्र ठेवले, आणि पुढच्या वर्षी ते वाढले, आणि ते पैसे मी वापरले. हे पुसून टाकावं असं वाटतं, पण आपल्याकडच्या सगळ्याच चकत्या पुसता येणाऱ्या नसतात.

भाचीच्या प्रश्नातला आजचा वाद त्या मानानं सभ्य आहे. बरीच वर्षं तो असा चालला: चकतीवर आणखी दाटीनं लिहायचं तर कण इतके बारीक करावे लागतात की ते आपलं चुंबकत्व धरून ठेवत नाहीत, म्हणून हट्टी धातू वापरायचा आणि लिहिण्यापुरता त्याला नरम करायचा. सीगेट म्हणाली, लेझरनं तापवू, ठिपक्याएवढी जागा चारशे अंशांच्या वर, नॅनोसेकंदापुरती. वेस्टर्न डिजिटलनं २०१७ मध्ये सूक्ष्मलहरींची वाट जाहीर केली. सीगेटचं लेझर वर्षानुवर्षं 'पुढच्या वर्षी' येत राहिलं आणि तिला बोल लावणाऱ्यांना पोटभर खाद्य मिळालं. अखेर २०२४ च्या जानेवारीत तीस टेराबाइटच्या वरच्या डिस्कसह ते आलं, आणि आता वेस्टर्न डिजिटलही उष्णतेच्याच वाटेवर आहे. इतकी वर्षं दोन टोकांवरून भांडणारे शेवटी एकाच रस्त्याला लागले. दरम्यान दोघींनाही मोडीत काढणारे वेगळेच होते. फ्लॅशची यंत्रं करणाऱ्या प्युअर स्टोरेजच्या एका अधिकाऱ्यानं २०२३ मध्ये सांगून टाकलं की २०२८ नंतर नव्या हार्ड डिस्क विकल्याच जाणार नाहीत. हे खोटं वाटावं असं नव्हतं. २०१० मध्ये जगात साधारण ६५ कोटी हार्ड डिस्क विकल्या गेल्या होत्या, त्या पंधरा कोटींच्याही खाली आल्या होत्या. आणि मग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना साठवणीची अशी भूक लागली की २०२५ सरलं तेव्हा अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकात सगळ्यांत जास्त वाढलेल्या शेअरांत सीगेटही होती, वेस्टर्न डिजिटलही, आणि तिच्यापासून त्याच वर्षी विभक्त झालेली फ्लॅशवाली सॅनडिस्कही. या की त्या असं डोकं फोडणाऱ्यांपैकी कुणीच चुकलं नाही. असं वर्ष माणसाला बिघडवतं. मला १९९६ नं बिघडवलं होतं.

झोप न लागलेल्या रात्रीनंतर दोन दिवसांनी मी माळ्यावरची पेटी उतरवली. निवृत्त होताना भाऊंनी मला दोन वस्तू दिल्या होत्या: एक ४४ मेगाबाइटचं कार्ट्रिज आणि ती निळ्या पुठ्ठ्याची वही. तेव्हा मी वही उघडलीही नव्हती. लाज वाटत होती. पुढेही कधी उघडली तर दोन-चार पानं वाचून मिटायचे. माझीच बढाई त्यांच्या सुंदर वळणदार अक्षरात वाचवत नसे.

या वेळी पहिल्यापासून वाचली. डावा रकाना, उजवा रकाना. आणि पानांच्या अगदी कडेला, शिलाईजवळ, पेन्सिलीनं लिहिलेले बारीक आकडे. त्यांना मथळा नाही, खूण नाही. दर दोन-तीन महिन्यांनी एक. १९९५ च्या पानावर दहाच्या आसपासचा. मग साडेआठ. मग सात. मग पाच. पूर्वीही हे आकडे माझ्या डोळ्यांखालून गेले असतील. मला वाटलं असेल शेअरचे भाव. पण ना ते सायक्वेस्टच्या भावाशी जुळत होते, ना आयोमेगाच्या. १९९८ च्या शेवटच्या पानावर, ज्या पानाचा डावा रकाना पूर्ण कोरा आहे, तिथं कडेला दोनच्या खालचा आकडा. मी किती तरी वेळ ते पान धरून बसले. मग आठवलं की आमच्या विभागात सामानाची मागणी भाऊ लिहायचे. फिल्म, रसायनं, कार्ट्रिज. आणि कोऱ्या सीडी.

म्हणजे त्यांना दिसत होतं. माझ्याशी त्या यंत्राला नावं ठेवत असतानाही दिसत होतं. त्यांनी ते लिहून ठेवलं, तारीखवार, तीन वर्षं, आणि शेअर विकले नाहीत. मला सांगितलं नाही, हे तर त्याहून विचित्र. कदाचित मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. कदाचित त्यांना स्वतःलाच तो रकाना मोठ्यानं वाचायचा नव्हता. कार्ट्रिज हातात घेतलं, हलवलं. खुळखुळलं. ते वाचू शकेल असं यंत्र माझ्या ओळखीत आता कुणाकडे नाही, आणि आत काय आहे ते मला माहीत नाही.

भाचीला फोन केला. म्हटलं, परवा मी घाईत बोलले. ती म्हणाली, "अगं मावशी, घेतलेसुद्धा. आणि वर गेलाय." तिच्या आवाजात जे होतं ते मी चटकन ओळखलं. तिचा एक मित्र आहे, त्यानं दुसरी कंपनी घेतली आहे, रोज दोघांची जुंपते, फार मजा येते, असं ती सांगत राहिली. मी फार काही बोलले नाही. फोन ठेवल्यावर वहीचं एक पान, १९९७ चं, उजेडात धरलं, त्याचा फोटो काढला आणि तिला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

पाच मिनिटांत तिचा निरोप आला. रकान्यांबद्दल तिनं काही विचारलं नव्हतं.

"मावशी, हे कडेला पेन्सिलीनं काय लिहिलंय?"